नियम ५ ड्राफ्ट

नियम ५ ड्राफ्ट ही अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये दरवर्षी डिसेंबर महिन्यात होणारी खेळाडू-निवडीची प्रक्रिया आहे. व्यावसायिक बेसबॉलच्या नियमावलीतील पाचव्या क्रमांकाच्या कलमावरून तिला हे नाव मिळाले. एका संघाच्या ताब्यात काही वर्षे घालवूनही ज्यांना सर्वोच्च स्तरावर संधी मिळालेली नाही, अशा अनुभवी खेळाडूंना ठरावीक रक्कम देऊन निवडण्याची मुभा या ड्राफ्टमुळे इतर संघांना मिळते. शाळा व महाविद्यालयांतील नवोदित खेळाडूंचा वेगळा ड्राफ्ट असतो. तो कलम ४ नुसार होतो आणि २०२१ पासून जुलै महिन्यात घेतला जातो.

ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने केलेली निवड. आयपीएलच्या लिलावात बोली लागते आणि किंमत चढत जाते, तसे येथे होत नाही. किंमत आधीच ठरलेली असते आणि कोणी आधी निवडायचे याचा क्रमही ठरलेला असतो. खेळाडूला त्यात अर्ज करता येत नाही, तसेच नकारही देता येत नाही. तो पात्र आहे की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते. पहिला करार करताना त्याचे वय किती होते आणि त्यानंतर किती हंगाम उलटले, हे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगमधील, म्हणजेच दुय्यम स्तरावरील, अनेक संघ असतात. त्यांतील ट्रिपल-ए हा सर्वांत वरचा स्तर असून त्याखाली डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे स्तर आहेत. नवोदित खेळाडू बहुधा खालच्या स्तरापासून सुरुवात करतो आणि पायरीपायरीने वर चढतो. या सर्व स्तरांवरील खेळाडूंचे करार मेजर लीगमधील मूळ संघाकडे असतात.

पहिला करार केल्यावर खेळाडूवर त्या संघाचा अनेक वर्षे हक्क राहतो. मायनर लीगमध्ये हा काळ परंपरेने सात हंगामांचा आहे. वयाच्या १९ व्या वर्षी किंवा त्यानंतर करार करणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी तो २०२३ च्या करारानुसार सहा हंगामांवर आणण्यात आला. या काळात खेळाडूला स्वतःहून दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. त्याच्या जागी आधीच एखादा नामवंत खेळाडू असेल, तर गुणवत्ता असूनही तो ट्रिपल-ए स्तरावर अडकून पडू शकतो.

नियम ५ ड्राफ्ट हा या दीर्घ हक्कावरील अंकुश आहे. संघाने खेळाडूला ठरावीक मुदतीत आपल्या मुख्य यादीत घ्यावे, अन्यथा इतरांना त्याला निवडण्याची संधी मिळावी, हे त्यामागील तत्त्व आहे.

पात्रता कशी ठरते

*वय आणि हंगाम*

पहिल्या करारापूर्वीच्या ५ जून रोजी खेळाडूचे वय १८ वर्षे किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला पाच हंगाम मोजले जातात. त्या दिवशी वय १९ वर्षे किंवा अधिक असेल, तर चार हंगाम मोजले जातात. करार मायनर लीगचा हंगाम संपण्यापूर्वी झाला असेल, तर ते वर्षही हिशेबात धरतात. हे हंगाम पूर्ण होऊनही खेळाडू मूळ संघाच्या ४० जणांच्या यादीत नसेल, तर तो त्या डिसेंबरच्या ड्राफ्टसाठी पात्र ठरतो.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. २०२१ च्या आरंभी वयाच्या १६ व्या वर्षी करार केलेल्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील मुलाचे पाच हंगाम २०२५ मध्ये पूर्ण झाले. २०२२ च्या जुलैमध्ये २१ व्या वर्षी करार केलेल्या महाविद्यालयीन खेळाडूचे चार हंगामही २०२५ मध्येच पूर्ण झाले. दोघेही एकाच ड्राफ्टसाठी पात्र ठरले. त्या वेळी पहिला एकविशीच्या आसपास, तर दुसरा पंचविशीच्या उंबरठ्यावर होता.

५ जून या तारखेमुळे काही वेळा एका दिवसाच्या फरकाने पूर्ण वर्ष बदलते. एकाच जुलैमध्ये करार करणारे दोन खेळाडू घेतले आणि त्यांतील एकाला ४ जूनला, तर दुसऱ्याला ६ जूनला १९ वे वर्ष पूर्ण झालेले असले, तर पहिला चार हंगामांनी पात्र ठरतो. दुसऱ्याला मात्र पाच हंगाम थांबावे लागते.

*मैदानावर न खेळलेले हंगाम*

मोजणी हंगामांची होते. खेळाडू किती सामने खेळला हे त्यात पाहिले जात नाही. दुखापतीमुळे संपूर्ण वर्ष वाया गेले तरी ते वर्ष धरले जाते. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये मायनर लीगचा हंगाम रद्द झाला, तरीही ते वर्ष पात्रतेच्या हिशेबात धरण्यात आले. त्यामुळे अनेक संघांना वर्षभर सामन्यात न पाहिलेल्या खेळाडूंविषयी निर्णय घ्यावा लागला.

*पहिला करार संपल्यानंतर*

ज्या खेळाडूला मूळ संघाने मुक्त केले आणि ज्याने पुन्हा मायनर लीगचा करार केला, त्याला चार-पाच हंगामांची मोजणी नव्याने करावी लागत नाही. तो ४० जणांच्या यादीत नसेल तर पुढील ड्राफ्टसाठी पात्र असतो. पूर्वी या यादीत असलेला आणि नंतर तीतून वगळलेला अनुभवी खेळाडूही त्यामुळे निवडला जाऊ शकतो.

चाळीस जणांची यादी

प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ४० खेळाडूंची मुख्य यादी ठेवता येते. त्यांतील २६ जण प्रत्यक्ष सामन्यांसाठी उपलब्ध असतात, तर उरलेले बहुधा मायनर लीगमध्ये खेळत असतात. ड्राफ्टपासून खेळाडूला वाचवायचे असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यास असलेल्या मुदतीपर्यंत त्याला या यादीत घ्यावे लागते.

हा निर्णय वरवर दिसतो तितका सोपा नाही. यादी भरलेली असेल, तर एकाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढावे लागते. शिवाय, यादीत आलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे तीनच हंगामांत मुक्तपणे मायनर लीगमध्ये पाठवता येते. त्यानंतर त्याला खाली पाठवायचे झाल्यास आधी इतर संघांना त्याच्यावर दावा सांगण्याची संधी द्यावी लागते. खेळाडूला लवकर यादीत घेतले की हे तीन हंगामही लवकर संपू लागतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये अनेक संघ पात्र होऊ घातलेल्या खेळाडूंची अदलाबदल करतात. यादीत जागा नसलेला संघ असा खेळाडू फुकट गमावण्यापेक्षा त्याच्या मोबदल्यात कोणीतरी मिळवणे पसंत करतो.

निवडीची पद्धत आणि अटी

नुकत्याच संपलेल्या हंगामातील सर्वांत तळाच्या संघापासून वरच्या संघापर्यंत असा निवडीचा क्रम असतो. ज्या संघाच्या यादीत चाळीसही जागा भरलेल्या आहेत, त्याला निवड करता येत नाही. निवड करणारा संघ मूळ संघाला १,००,००० डॉलर देतो. ही रक्कम पूर्वी ५०,००० डॉलर होती. ती २०१६ च्या अखेरीस झालेल्या सामूहिक करारात दुप्पट करण्यात आली. खेळाडूला यातील काहीही मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाची अट निवडीनंतर सुरू होते. निवडलेल्या खेळाडूला पुढील संपूर्ण हंगामात २६ जणांच्या चमूत ठेवावे लागते. त्याला मायनर लीगमध्ये पाठवता येत नाही. दुखापतीच्या यादीवर ठेवून ही अट टाळता येऊ नये, म्हणून किमान ९० दिवस तो प्रत्यक्ष खेळण्यास उपलब्ध असणे आवश्यक असते. हे दिवस भरले नाहीत, तर अट पुढील हंगामातही चालू राहते. खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल केल्यास अट त्याच्याबरोबर जाते.

संघाला खेळाडू ठेवायचा नसेल, तर आधी इतर सर्व संघांना त्याच्यावर दावा सांगण्याची संधी दिली जाते. कोणीही पुढे आले नाही, तर मूळ संघाला ५०,००० डॉलर देऊन त्याला परत घेता येते. मूळ संघाने नकार दिला, तरच नवा संघ त्याला मायनर लीगमध्ये पाठवू शकतो.

मुख्य टप्प्यानंतर मायनर लीगचा वेगळा टप्पा होतो. त्यात निवडीची किंमत २४,००० डॉलर आहे. त्यात खेळाडूला वरच्या चमूत ठेवण्याची किंवा परत करण्याची अट नसते. त्यामुळे या टप्प्यात मुख्य टप्प्याहून अधिक खेळाडूंची निवड होते.

इतिहास

मेजर लीगच्या संघांनी मायनर लीगमधील खेळाडू ठरलेल्या किमतीला घेण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. त्या काळी मायनर लीगचे बहुतेक संघ स्वतंत्र होते. १९२० च्या दशकापासून सेंट लुइस कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी अनेक मायनर लीग संघ आपल्या ताब्यात आणण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे शेकडो खेळाडू एकाच मालकाच्या हाती राहू लागले. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी नियमभंगाच्या कारणावरून कार्डिनल्सच्या ताब्यातील सत्तरहून अधिक खेळाडूंना मुक्त केले. एका संघाने खेळाडू साठवून ठेवावेत की नाही, हा वाद तेव्हापासून या खेळात कायम आहे.

या ड्राफ्टची सर्वांत प्रसिद्ध निवड १९५४ ची आहे. प्वेर्तो रिकोचे रोबेर्तो क्लेमेंटे यांना ब्रुकलिन डॉजर्सने १०,००० डॉलरचा बोनस देऊन करारबद्ध केले होते. त्या काळच्या नियमानुसार ४,००० डॉलरहून अधिक रक्कम घेणाऱ्या खेळाडूला मेजर लीगमध्येच ठेवावे लागे, अन्यथा पहिल्याच हंगामानंतर तो ड्राफ्टसाठी खुला होई. डॉजर्सने त्यांना मॉन्ट्रियल येथील मायनर लीग संघात ठेवले. तळाला असलेल्या पिट्सबर्ग पायरेट्सने ४,००० डॉलरला त्यांची निवड केली. त्या वेळी पायरेट्सचा कारभार रिकी यांच्याकडेच होता. क्लेमेंटे पिट्सबर्गकडून १८ हंगाम खेळले आणि त्यांनी ३,००० हिटचा टप्पा गाठला. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १९७३ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

सध्याचे पाच व चार हंगामांचे गणित २००६ च्या सामूहिक करारापासून लागू झाले. त्यापूर्वी मुदत अनुक्रमे चार व तीन हंगामांची होती. या बदलामुळे संघांना खेळाडू पारखण्यासाठी एक वर्ष अधिक मिळाले आणि खेळाडूंची प्रतीक्षा एका वर्षाने लांबली.

उल्लेखनीय निवडी

*योहान सांताना (१९९९):* व्हेनेझुएलाच्या या पिचरला ह्यूस्टन ॲस्ट्रोजने यादीत घेतले नव्हते. फ्लोरिडा मार्लिन्सने त्याची निवड केली आणि लगेच मिनेसोटा ट्विन्सशी अदलाबदल केली. पहिल्या हंगामात त्याची कामगिरी बेताची होती. ट्विन्सचा संघ तेव्हा दुबळा असल्याने त्याला चमूत ठेवून वाट पाहणे त्यांना परवडले. पुढे २००४ आणि २००६ मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला.

*शेन व्हिक्टोरिनो (२००२ आणि २००४):* त्याची दोनदा निवड झाली. पहिल्या वेळी सॅन डिएगो पाद्रेसने त्याला डॉजर्सकडे परत केले. दुसऱ्या वेळी फिलाडेल्फिया फिलीजनेही परत करण्याची तयारी दाखवली, पण डॉजर्सने नकार दिला. तोच खेळाडू २००८ मध्ये जागतिक मालिका जिंकणाऱ्या फिलीजच्या संघात होता.

*जॉश हॅमिल्टन (२००६):* १९९९ च्या नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला होता. अमली पदार्थांच्या व्यसनामुळे त्याची अनेक वर्षे वाया गेली. शिकागो कब्जने त्याला निवडून सिनसिनाटी रेड्सला दिले. २०१० मध्ये टेक्सास रेंजर्सकडून खेळताना तो अमेरिकन लीगचा सर्वांत मूल्यवान खेळाडू ठरला.

*अँथनी सांतान्दर (२०१६):* क्लीव्हलँडकडून बाल्टिमोर ओरिओल्सकडे आलेल्या या फलंदाजाने २०२४ च्या हंगामात ४४ होम रन केले.

*शेन स्मिथ (२०२४):* महाविद्यालयीन कारकिर्दीनंतर नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या या पिचरने २०२१ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सशी करार केला. चार हंगामांनंतर तो पात्र ठरला. २०२४ मध्ये १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सने त्याची पहिल्या क्रमांकावर निवड केली. पुढच्याच वर्षी तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला.

विश्लेषण

वरील नावे अपवादात्मक आहेत. प्रत्येक डिसेंबरमध्ये पात्र खेळाडूंची संख्या मोठी असते. त्यांतून मुख्य टप्प्यात निवड होणाऱ्यांची संख्या मात्र अलीकडच्या काळात साधारणपणे दहा ते वीसच्या दरम्यान राहिली आहे. निवडलेल्यांपैकीही अनेक जण हंगाम संपण्यापूर्वी मूळ संघाकडे परततात. कायद्याने पात्र होणे आणि प्रत्यक्षात निवडले जाणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण वर्षभर चमूत ठेवण्याच्या अटीचे आहे. जेतेपदासाठी झुंजणाऱ्या संघाला २६ पैकी एक जागा शिकाऊ खेळाडूसाठी अडवणे परवडत नाही. साहजिकच अशा निवडी बहुतांशी कमकुवत संघ करतात. निवडीचा क्रमही त्यांनाच अनुकूल आहे.

दुसरे कारण खेळाडूच्या भूमिकेचे आहे. पिचरला निकाल जवळपास लागलेल्या सामन्यांत थोडा वेळ खेळवून सांभाळता येते. रोज मैदानात उतरावे लागणाऱ्या फलंदाजाला असे झाकून ठेवता येत नाही. म्हणून निवडलेल्यांत पिचरचे प्रमाण अधिक असते.

तिसरे कारण वयाच्या गणितात दडलेले आहे. डोमिनिकन प्रजासत्ताक किंवा व्हेनेझुएला येथील मुले सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करतात. पाच हंगामांनंतरही ती पुष्कळदा खालच्या स्तरावरच असतात. त्यांना एकदम सर्वोच्च स्तरावर नेणे धोक्याचे ठरते, म्हणून मूळ संघ त्यांना असंरक्षित ठेवण्याची जोखीम पत्करतो. उलट, महाविद्यालयीन खेळाडू पात्र होतो तेव्हा तयार असतो, पण त्याच्या उमेदीची काही वर्षे आधीच सरलेली असतात.

खेळाडूच्या दृष्टीने या निवडीचे आर्थिक मोल मोठे आहे. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार ट्रिपल-ए स्तरावरील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाले. मेजर लीगमधील किमान वेतन २०२६ साठी ७,८०,००० डॉलर आहे. मेजर लीगमध्ये ४३ दिवसांची सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो. हंगामाच्या मध्यावर परत पाठवलेला खेळाडूही त्यामुळे रिकाम्या हाताने परतत नाही.

संघांची बाजूही विचारात घ्यावी लागते. खेळाडू शोधणे, त्याला बोनस देणे आणि प्रशिक्षणावर वर्षानुवर्षे खर्च करणे ही गुंतवणूक आहे. १,००,००० डॉलरमध्ये तिची भरपाई होत नाही. मुदत आणखी कमी केली, तर संघ तरुण खेळाडूंवर खर्च करण्यास कचरतील, असा युक्तिवाद केला जातो. त्यावर खेळाडूंच्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे की, व्यावसायिक खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात आणि ती एकाच संघाच्या सोयीसाठी खर्ची पडू नयेत.

जपान आणि दक्षिण कोरिया

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये डिसेंबर २०२२ पासून कार्यरत खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला जातो. तेथे पात्रता हंगामांच्या मोजणीवर अवलंबून नाही. प्रत्येक संघ स्वतःच किमान दोन खेळाडूंची नावे सादर करतो. प्रत्येक संघाने किमान एक खेळाडू घ्यावा आणि प्रत्येकाचा किमान एक खेळाडू जावा, अशी रचना आहे. पहिल्याच वर्षी हान्शिन टायगर्सकडे गेलेल्या कोतारो ओताके या पिचरने २०२३ मध्ये १२ सामने जिंकले आणि त्याच वर्षी हान्शिनने जपान मालिका जिंकली. चुनिची ड्रॅगन्सकडे गेलेल्या सेइया होसोकावा याने त्याच हंगामात २४ होम रन केले.

दक्षिण कोरियात २०११ पासून एक वर्षाआड ‘दुसरा ड्राफ्ट’ होत असे. मध्यंतरी बंद पडलेली ही पद्धत २०२३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

अमेरिकेत पात्रता आपोआप मिळते, पण निवडीची सक्ती कोणावरही नाही. जपानमध्ये नावे संघाच्या मर्जीने येतात, पण देवघेव सक्तीची आहे. खेळाडू नवोदितच राहून विझू नये, हा उद्देश दोन्हीकडे समान आहे.

२०२१ चा खंड आणि २०२६ चा करार

२ डिसेंबर २०२१ रोजी संघमालकांनी टाळेबंदी जाहीर केली आणि मेजर लीगचे सर्व व्यवहार थांबले. त्या वर्षीच्या ड्राफ्टचा मायनर लीग टप्पा ठरल्याप्रमाणे झाला. मुख्य टप्पा मात्र आधी पुढे ढकलण्यात आला आणि मार्च २०२२ मध्ये नवा करार होताच रद्द करण्यात आला. त्या वर्षी नियमानुसार पात्र ठरलेल्या खेळाडूंना कोणताही दोष नसताना आणखी एक वर्ष थांबावे लागले.

त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडूही खेळाडू संघटनेत सामील झाले. तोपर्यंत त्यांच्या पात्रतेचे नियम ज्या वाटाघाटींत ठरत, त्यांत त्यांना आवाज नव्हता. मेजर लीगचा सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, म्हणजे ड्राफ्टच्या अवघे काही दिवस आधी. २०२२ मध्ये १८ वर्षांपर्यंतच्या वयात आणि २०२३ मध्ये १९ वर्षांपुढील वयात करार केलेल्या खेळाडूंचे हंगाम याच वर्षी पूर्ण होतात. वाटाघाटी लांबल्यास २०२१ प्रमाणे त्यांची पहिली संधी हुकू शकते. चार-पाच हंगामांची मुदत तशीच ठेवायची की बदलायची, हा प्रश्नही कराराच्या निमित्ताने दोन्ही पक्षांसमोर खुला राहतो.